रहाटणीच्या गल्ल्या संशोधनाला मोकळ्या करा

प्रति,
मा. आयुक्त,
पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, पिंपरी.



मी रहाटणीत राहते आणि अभियांत्रिकीच्या मुलांना वायरलेस कम्युनिकेशन शिकवते. आपल्याकडे एक मागणी आहे. तिला पैसा थोडा लागेल, परवानग्या मात्र बऱ्याच लागतील. रहाटणीतल्या काही गल्ल्या, तिथून रोज फिरणाऱ्या घंटागाड्या आणि त्या गल्ल्यांतले नळजोडांचे मीटर तीन वर्षांसाठी संशोधनाला मोकळे करून द्यावेत. त्यातून जी मोजमापे निघतील ती कोणालाही वाचता येतील अशी प्रसिद्ध करावीत. ही मागणी एका शिक्षिकेच्या हौसेतून आलेली नाही, हे पटावे म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमच्या मुलांचे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प कसे होतात ते आधी सांगते. संगणकाच्या पडद्यावर एक हजार मीटर लांब-रुंद मोकळा चौकोन घेतात. त्यात पन्नास-शंभर ठिपके सोडतात. प्रत्येक ठिपका म्हणजे मोबाइल घेऊन चालणारा माणूस. तो मनात येईल त्या दिशेला जातो, थांबतो, पुन्हा वळतो. दोन ठिपके जवळ आले की एकाकडचा निरोप दुसऱ्याकडे जातो. किती निरोप पोचले आणि किती ऊर्जा खर्च झाली याचा आलेख निघतो, आणि प्रकल्प संपतो. पण माणसे अशी चालत नाहीत, रहाटणीतली तर नाहीतच. पहिल्या पाळीचे लोक पहाटे कोकणे चौकात, रहाटणी फाट्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत उभे असतात. ती बस त्यांना चाकणला, म्हाळुंग्याला, निघोज्याला सोडते आणि पाळी सुटली की परत आणते. इथे हजारो माणसे ठरल्या वेळी, ठरल्या जागी एकमेकांजवळ येतात आणि ठरल्या वेळी दूर जातात. पडद्यावरच्या चौकोनात यातले काहीच नसते.

ज्यांना खरी नोंद वापरायची असते ती मुले परदेशी संग्रहांकडे वळतात. २००५ मध्ये मायामीत झालेल्या एका संगणक परिषदेत चाळीसेक प्रतिनिधींच्या खिशात ब्लूटूथची छोटी उपकरणे देऊन कोण कोणाला कधी भेटले याची नोंद केली होती. ती नोंद जगभर वापरली जाते. दुसरी प्रसिद्ध नोंद सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींची आहे. पुणे जिल्ह्यातला विद्यार्थी मायामीतल्या हॉटेलच्या व्हरांड्यातल्या भेटीगाठींवर आपल्या शहरासाठीची पद्धत तपासतो, याचे मला फार वाईट वाटते. दोष त्याचा नाही. इथली नोंद त्याच्या हाताशी नाही.

असे निरोप पोचवणारे जाळे कशाचे, ते आता सांगते. मोबाइलचे नेहमीचे जाळे टॉवरवर उभे असते. टॉवर कायम जागा, फोन कायम त्याच्या संपर्कात. दुसऱ्या प्रकारच्या जाळ्यात अखंड वाट अशी नसतेच. उपकरणे एकमेकांजवळ येतील तेव्हा बोलतात. निरोप साठवायचा, सोबत वाहायचा आणि संधी मिळाली की पुढे द्यायचा. गावाकडच्या माणसासाठी एसटीच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी द्यावी, तशी ही रीत. २००० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या वाहदत आणि बेकर यांनी, भेटेल त्याला निरोपाची प्रत देत सुटायचे, अशी साधी पद्धत मांडली. निरोप पोचतो, पण प्रतींचा पूर येतो आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या संपतात. पुढची वीस-पंचवीस वर्षे या विषयातले बरेचसे डोके एकाच प्रश्नावर खर्च झाले आहे: कमीत कमी प्रतींत, कमीत कमी ऊर्जेत निरोप कसा पोचवायचा?

हे पुस्तकी राहिलेले नाही. २००३ च्या सुमारास शेजारच्या कर्नाटकात, दोड्डबल्लापूर तालुक्यात, बसवर वाय-फायचे यंत्र बसवून गावोगावच्या केंद्रांतली माहिती गोळा केली गेली. एमआयटीच्या मंडळींचा तो डाकनेट प्रकल्प. अमेरिकेत ॲमहर्स्टमध्ये शहरातल्या बसगाड्यांवर असेच जाळे चालवले गेले. २०२० च्या एप्रिलमध्ये आरोग्य सेतू ॲप आले, तेव्हा ते घेतलेल्या सगळ्यांचे फोन ब्लूटूथवर शेजारच्या फोनची नोंद ठेवत होते. हरवलेली किल्ली अनोळखी लोकांच्या फोनांच्या मदतीने शोधून देणारी बिल्लाही याच तत्त्वावर चालते.

मग नळांच्या मीटरचे आकडे याच रीतीने पाठवायला अडचण कुठे आहे? मीटरच्या बॅटरीत.

हे गणित मुलांना फळ्यावर करायला लावते, तेच इथे मांडते. पाण्याच्या मीटरमध्ये असते तशी साधारण २,४०० मिलिअँपिअर-तासांची लहान लिथियम बॅटरी घ्या. दिवसाचे चोवीस तासांचे आकडे एकदाच पाठवायचे तर रेडिओ पाव-अर्धा सेकंद चालू ठेवावा लागतो. चाळीस मिलिअँपिअर विजेने हा खर्च वर्षाला एक-दोन मिलिअँपिअर-तासांच्या आसपास येतो, म्हणजे नगण्य. पण तोच रेडिओ नुसता कान देऊन बसला, कोणी बोलतेय का ऐकत राहिला, तर दहा मिलिअँपिअर दराने बॅटरी २४० तासांत, दहा दिवसांत संपते. बोलण्याला काहीच लागत नाही, सगळी ऊर्जा वाट पाहण्यात जाते. म्हणून या विषयातले खरे कौशल्य झोपण्यात आहे. उपकरणाने वर्षानुवर्षे झोपावे आणि नेमके भेटीच्या क्षणी जागे व्हावे.

इथे घंटागाडी येते. ती रोज सकाळी जवळपास प्रत्येक गल्लीतून जाते आणि रस्त्यात थांबत थांबत जाते. ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला एखादा मीटर दोन्ही बाजूंना पन्नास मीटरपर्यंत ऐकू येतो असे धरले, तर भेट सुमारे ३६ सेकंदांची होते. शंभर अक्षरांच्या आकड्यांना एवढा वेळ भरपूर आहे. पाण्याचा आकडा त्याच क्षणी हवा असे काही नसते. आज सकाळी निघालेला आकडा दुपारी कार्यालयात पोचला तरी चालतो. काम नेमके या जाळ्याजोगे आहे.

पण मीटरने कधी जागे व्हावे? गाडी सव्वासातला येते म्हणतात, कधी आठ वाजतात. रोज एक तास कान उघडा ठेवला तर बॅटरी आठ महिन्यांत संपते. दहाच मिनिटे ठेवला तर चार वर्षे टिकते, पण गाडी चुकते. त्या तासात प्रत्येक सेकंदाला फक्त शंभरावा भाग जागे राहायचे, अशी युक्ती केली तर खर्च अगदी खाली येतो. मात्र त्यासाठी गाडीला सतत हाक मारत राहावे लागते, आणि एका गल्लीतले चाळीस मीटर एकदम ओ देऊ लागले की आवाज एकमेकांवर आदळतात. त्यात मीटरमधले स्वस्त घड्याळ वर्षाला दहा मिनिटे सहज पुढे-मागे होते. सणाला गाडी येत नाही, रस्ता खोदला की मार्ग बदलतो. कोणी खोडसाळपणे खोट्या गाडीची हाक देत राहिले तर मीटर झोपूच शकणार नाही आणि बॅटरी मरेल. या प्रत्येक प्रश्नावर शोधनिबंध आहेत. पण त्यांतले उपाय गाडीच्या वेळेवर अवलंबून आहेत, आणि रहाटणीतली घंटागाडी खरोखर किती अनियमित आहे, ही नोंद केल्याशिवाय त्यातला कोणता उपाय इथे टिकेल हे सांगता येत नाही.

मीटर बसतो तिथली परिस्थितीही विचारात घ्यावी लागते. तो जमिनीखालच्या चौकटीत, बऱ्याचदा लोखंडी झाकणाखाली आणि पावसाळ्यात चिखलात असतो. मोकळ्या मैदानात किलोमीटरभर जाणारा सिग्नल त्या झाकणाखालून समोरच्या फाटकापर्यंत पोचेल की नाही, हे मोजूनच कळेल. आपल्या शहराला २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येते, याचाही परिणाम होतो. पाणी सुटताना आधी नळातली हवा जोरात बाहेर पडते आणि तिनेही मीटर फिरतो. हा खोटा आकडा कसा ओळखायचा? उलट, ज्या दिवशी पाणीच येत नाही त्या दिवशी मीटरला पूर्ण झोप देता येईल, ही बचत परदेशी निबंधांत सापडणार नाही. चोवीस तास पाणी असलेल्या शहराला हा प्रश्न पडतच नाही.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? पाण्याच्या टाकीवर एक उंच अँटेना लावा, ८६५ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात सगळे मीटर थेट बोलतील. हा पर्याय खरा आहे, आणि काही भागांत तोच बरा ठरेल. पण त्या पद्धतीत मीटर मनात येईल तेव्हा बोलतो. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बांधलेल्या अलोहा जाळ्याची ही रीत. त्यात उपलब्ध वेळेचा जास्तीत जास्त १८ टक्के भागच उपयोगी पडतो, पुढे टकरी वाढतात. मीटर थोडे असतील तोवर चालते. त्यांची संख्या फार वाढली की पुन्हा पुन्हा पाठवावे लागते आणि बॅटरी तिथेच जाते. टाकी बरी की घंटागाडी, की दोन्ही मिळून, हा वाद मी या पत्रात मिटवू शकत नाही. एकाच वस्तीत दोन्ही शेजारी शेजारी तीन पावसाळे चालवून पाहिले तरच तो मिटेल. तीन वर्षे मागते ती याचसाठी. सहा महिन्यांच्या प्रात्यक्षिकात प्रत्येक बॅटरी नवी असते.

या संशोधनाचे दुसरे कारण पुराचे. पवना धरणातून विसर्ग वाढला की नदीकाठच्या वस्त्यांना हलवावे लागते, २०२४ च्या जुलैतही ते करावे लागले. वीज गेली की टॉवर काही तास बॅटरीवर, मग डिझेलवर चालतो, आणि डिझेलची गाडीच पोचली नाही तर बंद पडतो. अशा वेळी शेजाऱ्याच्या फोनवरून शेजाऱ्याकडे, तिथून बचाव पथकाच्या फोनकडे निरोप जाऊ शकतो. तंत्र आहे. पण चार्जिंगची सोय नसताना परक्याचा निरोप वाहण्यात माणूस आपली उरलेली वीस टक्के बॅटरी का घालवेल? आणि फोनने कधी मदत करायची, कधी स्वतःला जपायचे, हे ठरवायचे कसे? यासाठी वर्षाकाठी एक मोठी रंगीत तालीम आपल्या शहरातूनच जाते. तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला येते, माउलींची आळंदीहून दिघीमार्गे पुण्याला जाते. गर्दीत टॉवर गुदमरतो, फोन लागत नाही, माणसे चुकतात. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या ठरलेल्या क्रमाने चालतात, मागे आणखी कितीतरी. एवढी मोठी, हळू सरकणारी आणि क्रम न मोडणारी माणसांची रांग जगात क्वचितच मिळेल. दिंडीला दिंडी लागून निरोप मागे-पुढे कसा जाईल, हरवलेल्या आजीची खबर किती वेळात तिच्या दिंडीपर्यंत पोचेल, हे स्वयंसेवकांच्या फोनांवर मोजता येईल. पुरात वापरायची पद्धत आधी वारीत तपासावी असे मला मनापासून वाटते.

कारखान्यांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तो आपला थेट विषय नाही. चाकणच्या शेडमध्ये चहूकडे लोखंड आणि पत्रा आहे, सिग्नल भिंतींवर आपटून दहा वाटांनी येतो. वेल्डिंग आणि मोठ्या मोटरींचे ड्राइव्ह विजेचा गोंगाट घालतात. तिथे प्रेस थांबवण्याचा इशारा संधी मिळाली की पोचवू, असल्या जाळ्यावर सोडायचा नसतो, त्याला तार हवी. पण कॉम्प्रेसरच्या बेअरिंगचे कंपन तासातासाने नोंदवणारा सेन्सर त्याच शेडमध्ये फिरणाऱ्या फोर्कलिफ्टला आपले आकडे देऊ शकतो. बॅटरी बदलायला माणूस लागतो म्हणून भोसरीतल्या छोट्या कारखानदाराने कपाटात ठेवून दिलेले सेन्सर मी पाहिले आहेत. कोणते काम या जाळ्याचे आणि कोणते नाही, याची सीमा आखणे हा संशोधनातला मोठा भाग आहे. विकणारे ती कधी आखणार नाहीत.

टॉवरच्या विजेचाही प्रश्न आहेच. मोबाइल जाळ्याच्या ऊर्जेतला सर्वांत मोठा वाटा टॉवर खातात, आणि ग्राहक नसतानाही ते बरीच वीज घेत राहतात. संध्याकाळी रहाटणी-पिंपळे सौदागरकडे गर्दी होते तेव्हा उद्योगपट्ट्यातल्या कार्यालयांकडचे टॉवर मोकळे होतात. कोणाला केव्हा झोपवायचे हे शहराच्या पाळ्या पाहून ठरवता येईल. हे मोबाइल कंपन्यांच्या हातात आहे. पण माणसांच्या येण्या-जाण्याची खुली नोंद असेल तर त्यांच्याशी बोलायला आधार मिळेल.

आता एक इशारा. तो माझ्याच विषयातल्या उत्साही लोकांसाठी आहे, पण निर्णय आपल्या टेबलावर येतील म्हणून इथे लिहिते. रिकाम्या लहरी सापडतील तिथे वापराव्यात, ही या संशोधनाची दुसरी शाखा. महाराष्ट्रात तिचे चांगले काम झाले आहे. आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने पालघर भागात, खामलोली परिसरात, दूरदर्शनसाठी राखीव पण रिकाम्या पडलेल्या लहरींवर गावांना इंटरनेट दिले. ग्राममार्ग नावाच्या या प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधल्या १५ वाहिन्यांपैकी देशात कुठेही सरासरी १२ हून अधिक मोकळ्या असतात, असे त्यांच्या अभ्यासात दिसले. तेव्हा तोच प्रयोग चाकणला करू, असे कोणालाही वाटेल. पण चाकणहून नाशिक महामार्गाने पुढे गेले की नारायणगावजवळ, खोडदला, जीएमआरटी आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण १२० ते १,४५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान आकाश ऐकते. रिकाम्या लहरी शोधणारा रेडिओ आधी कान देतो, कोणी बोलत नसेल तर बोलतो. दुर्बीण मात्र कधीच बोलत नाही, ती फक्त ऐकते. रेडिओला तिथे शांतता वाटेल, आणि त्याचे पहिलेच वाक्य कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेला सिग्नल बुडवेल. मोबाइलच्या गोंगाटामुळे या दुर्बिणीला ८५० ते १,०५० मेगाहर्ट्झचा भाग आधीच सोडून द्यावा लागला आहे. म्हणून माझी मागणी फक्त कमी शक्तीच्या, विनापरवाना ८६५ मेगाहर्ट्झ पट्ट्यापुरती आहे, आणि दूरदर्शनच्या पट्ट्यातला कोणताही प्रयोग जीएमआरटीच्या शास्त्रज्ञांना विचारल्याशिवाय या उद्योगपट्ट्यात होऊ नये.

खासगीपणाबद्दलही आताच बोलले पाहिजे. तासातासाचा पाण्याचा आकडा म्हणजे घरात कोण आहे आणि घर कधी बंद असते याची नोंद. ती चोराच्या कामाची आहे. गल्लीतल्या प्रत्येक घराची लेखी संमती घ्यावी, न देणाऱ्याचे काही अडू नये. प्रसिद्ध होणारी नोंद घरागणिक नसावी. गल्लीची बेरीज आणि रेडिओच्या भेटींच्या वेळा संशोधनाला पुरतात. माणसांच्या हालचाली फक्त स्वयंसेवकांच्याच नोंदवाव्यात. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे. पण कायद्याच्या आधी शेजाऱ्यांचा विश्वास लागतो, आणि तो गेला की प्रयोग संपला.

आपल्याकडून नेमके हवे ते असे. घंटागाड्यांच्या जीपीएसच्या जुन्या नोंदी, वाहनचालकांची नावे काढून, महाविद्यालयांना द्याव्यात, कारण सुरुवातीचे काम तेवढ्यावरच करता येईल. नंतर रहाटणीत, नखातेवस्तीसारख्या जुन्या दाट वस्तीत आणि एका नव्या सोसायटीच्या रस्त्यावर, मीटर आणि गाड्यांना यंत्रे बसवू द्यावीत. निगडी, आकुर्डी, रावेत, ताथवडे, आळंदी इथली अभियांत्रिकी महाविद्यालये अर्ध्या तासाच्या अंतरावर आहेत, तिथली मुले पावसात झाकण उघडायलाही येतील. ज्या मीटरचा आवाज आला नाही, जी बॅटरी दीड वर्षात गेली, ती नोंदही यशाच्या आकड्यांइतक्याच ठळकपणे छापावी. आणि महापालिकेच्या पुढच्या प्रत्येक मीटर-खरेदीच्या निविदेत दोन अटी घालाव्यात: बॅटरीचे आयुष्य प्रयोगशाळेतले नको, झाकणाखाली मोजलेले हवे, आणि मीटर बोलतो ती भाषा खुली असावी, म्हणजे पुरवठादार बदलला तरी मीटर मुका होणार नाही. यातल्या दुसऱ्या अटीला विरोध होईल. तिथे आपण ठाम राहावे.

मीटर एकदा जमिनीत गेले की दहा वर्षे बाहेर निघत नाहीत, आणि चुकीचे निवडले तर हजारो झाकणे उघडून बॅटऱ्या बदलण्याचा खर्च करदात्यावर येतो. त्याआधी तीन वर्षे काही गल्ल्यांत मोजून घेणे स्वस्त आहे. येत्या अंदाजपत्रकात यासाठी एक लहानसे लेखाशीर्ष उघडावे, आणि पाणीपुरवठा, आरोग्य व विद्युत विभागांच्या अभियंत्यांची इथल्या प्राध्यापकांबरोबर एक बैठक लावावी, ही विनंती. त्या बैठकीला गल्लीगल्लीतून गाडी नेणारे चालकही बोलवावेत. कोणत्या वळणावर किती वेळ जातो हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही.

आपली,
रहाटणीतील एक रहिवासी व शिक्षिका